वाचवलेलं पाणी जातं कुठे?

(मृणाल गोरे यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांना साऱ्या महाराष्ट्राने ‘पाणीवाली बाई’ म्हटलं. मृणालताई १९६१ साली गोरेगावातून मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. पुढे १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या, १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. महागाईविरोधी लाटणं मोर्चे त्यांनी काढले, गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्या लढल्या, गोरगरिबांच्या घरांसाठी नागरी निवारा परिषदेत राबल्या. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते पाण्याचंच नाव. हंडे घेऊन पालिकेच्या दारात बसलेल्या बायका आणि त्यांच्यापुढे ताई, हे उपनगरांच्या इतिहासातलं अस्सल चित्र आहे.

ताईंनी मागितलं होतं ते वाटणीचं पाणी. नळ आहे तर त्याला पाणी हवं आणि जे आहे ते सगळ्यांना मिळायला हवं, ही त्यांची मागणी होती. आजचा माझा विषय घरातली पाणीबचत हा आहे. वरवर पाहिलं तर हा विषय त्या लढ्यापुढे फार लहान वाटतो. वाहता नळ बंद करा, बादलीने आंघोळ करा, अशा सूचना आपण शाळेच्या फळ्यापासून वाचत आलो आहोत. त्या सूचना खऱ्या आहेत. पण ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर कुणी देत नाही. मी इथे बादलीभर पाणी वाचवलं, तर ते जातं कुठे? कुणाच्या घरात पोहोचतं? की नुसतंच माझ्या मनाचं समाधान? या एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

पाणी दारावरून गेलं

आधी थोडा इतिहास पाहू. मुंबईची नळाच्या पाण्याची योजना सुरू झाली ती आपल्याच उपनगरात. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. दोन्ही आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात. पण त्यांचं पाणी निघालं ते दक्षिणेकडे, कोटातल्या आणि गिरगाव-भायखळ्याच्या शहराकडे. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं. त्याच्या भल्या मोठ्या वाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर ओलांडून शहराकडे गेल्या. त्या वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची गावं मात्र विहिरींवर आणि जमेल त्या स्थानिक सोयीवर जगत राहिली.

अंधेरी आणि घाटकोपर मुंबईच्या हद्दीत आले ते १९५० साली. गोरेगाव, बोरिवली आणि मुलुंड आले १९५७ साली. म्हणजे मृणालताई पालिकेत गेल्या तेव्हा गोरेगाव शहरात येऊन चारच वर्षं झाली होती. हद्द वाढली, कर सुरू झाला, पाणी मागाहून आलं, तेही भांडून आलं. उपनगरातल्या माणसाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही, असं जे म्हणतात त्याचं कारण हे आहे. आपल्या आया-आज्यांनी रात्री दोनला उठून पाणी भरलं आहे.

तानसानंतर मोडक सागर आलं, अप्पर वैतरणा आलं, भातसा आलं आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज सात जलाशय मिळून पूर्ण भरले, तर साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी साठतं. शहराला रोज ३८० ते ४०० कोटी लिटर पाणी दिलं जातं. भागाकार करून पाहा, साठा बरोबर वर्षभराचा निघतो. हाताशी फारसं काही उरत नाही. पाऊस लांबला की कपात ठरलेली. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली, ती आपल्याला आठवत असेल.

चावीवाला आणि शेवटचं घर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी उपनगरातल्या टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं. अंधेरीला वेरावली, मालाडची टेकडी, बोरिवलीची टेकडी, घाटकोपरची टेकडी, असे हे सेवा जलाशय आहेत. तिथून ते उताराने खाली आपल्या वस्त्यांत येतं. पण एकाच वेळी सगळ्यांना येत नाही. पाणी खात्याचा चावीवाला ठरलेल्या वेळी रस्त्यातली चावी फिरवतो आणि त्या पट्ट्यात दोन-तीन-चार तास पाणी सुटतं. मग ती चावी बंद होते आणि पुढच्या पट्ट्याची उघडते.

आता त्या दोन-तीन तासांत काय घडतं ते पाहा. पहाट झालेली असते. सोसायटीचा वॉचमन जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण उचलतो. आधी नळातून हवा फुसफुसते, मग गढूळसर धार येते, मग स्वच्छ पाणी जोराने कोसळू लागतं. पाण्यावर फ्लोटचा गोळा तरंगत असतो. पाणी चढतं तसा तो गोळा वर येतो. टाकी भरत आली की दांडी आडवी होते, धार बारीक होते आणि थांबते. रस्त्यातल्या वाहिनीत पाणी अजून आहे, पण आता ते या टाकीत येत नाही. ते पुढे सरकतं. गल्लीच्या टोकाच्या इमारतीकडे जातं, चढावरच्या चाळीकडे जातं, टेकडीवरच्या सार्वजनिक नळाकडे जातं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या फ्लोटच्या दांडीत आहे. काल तुमच्या इमारतीने पाणी जपून वापरलं असेल तर आज टाकीत शिल्लक जास्त असते, फ्लोट लवकर चढतो आणि तुमचा नळ लवकर बंद होतो. पाण्याची वेळ तीच, वाहिनी तीच, पण दाब टिकून राहतो आणि वाहिनीच्या शेवटच्या माणसाला त्याच सकाळी पाणी मिळतं. काल तुम्ही टाकी तळापर्यंत उपसली असेल, तर तुमची टाकी पूर्ण वेळ पाणी ओढत राहते आणि चढावरच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. असल्फ्याच्या टेकडीवर, मुलुंडच्या डोंगरउतारावर ‘आज पाणीच आलं नाही’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा बऱ्याचदा पाणी आलेलं असतं. ते खालीच संपलेलं असतं.

म्हणजे वाचवलेलं पाणी धरणात परत जात नाही, हवेतही विरत नाही. ते तुमच्याच पट्ट्यातल्या, तुमच्यापेक्षा उंचावर किंवा टोकाला राहणाऱ्या शेजाऱ्याकडे जातं. घरातली बचत हा खासगी सद्गुण आहे असं आपण समजतो. आपल्या उपनगरात ती शेजारधर्माची गोष्ट आहे. याच कारणासाठी मुख्य वाहिनीला थेट मोटर लावून पाणी ओढणं हा नुसता नियमभंग नाही, ते पुढच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळवणं आहे. शिवाय वाहिनीत दाब पडला की फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरतं आणि जुलाब-काविळीची साथ त्याच गल्लीत फिरते, मोटर लावणाऱ्याच्या घरासकट.

घरातला हिशेब

आता घरात येऊ. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं आपल्याकडचं जुनं मानक धरतं. मुंबई पालिका इमारतींसाठी १५० लिटर धरते. त्या १३५ लिटरची फोड मानकातच दिलेली आहे: पिण्यासाठी ५, स्वयंपाकाला ५, आंघोळीला ५५, कपड्यांना २०, भांड्यांना १०, घर पुसायला १० आणि संडासात ३०. ही यादी प्रत्येकाने स्वयंपाकघरात लावावी अशी आहे. तिच्यातून कळतं की पिण्याच्या योग्यतेचं पाणी आपल्याला १० लिटरच हवं असतं. उरलेलं १२५ लिटर, शंभर किलोमीटरवरून आणलेलं, गाळलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी, आपण अंगावर, फरशीवर आणि भांड्यात ओततो.

यात मोठी नासाडी होते ती फ्लशमध्ये. जुन्या टाकीतून एका वेळी १० लिटर पाणी जातं. माणसाने दिवसातून पाच वेळा फ्लश ओढला की ५० लिटर गेले. दोन बटणांची टाकी बसवली, एक मोठा ६ लिटरचा आणि चार छोटे ३ लिटरचे फ्लश धरले, तर १८ लिटरमध्ये काम होतं. माणशी ३२ लिटर वाचले. चार माणसांच्या घरात रोज सव्वाशे लिटरच्या वर. नळ बंद करायची आठवण ठेवावी लागत नाही, मुलांना रागवावं लागत नाही. एकदा प्लंबरला बोलावलं की पुढची कित्येक वर्षं बचत आपोआप होत राहते.

फ्लशची टाकी गळते की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. रात्री झोपताना टाकीत थोडी नीळ टाका आणि फ्लश ओढू नका. सकाळी भांड्यातलं पाणी निळं दिसलं तर टाकीचा वायसर गेला आहे. ही गळती आवाज करत नाही, दिसत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षं चालू राहते. ठिबकणाऱ्या नळाचा हिशेबही असाच आहे. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी जातं, महिन्याला ६०० लिटर. वायसर काही रुपयांना मिळतो. आपल्याला वेळ काढावा लागतो, एवढीच त्याची किंमत.

आंघोळीचं वेगळं सांगायला नको. शॉवरमधून मिनिटाला साधारण १० लिटर पाणी जातं, आठ मिनिटांत ८० लिटर. एका बादलीत १८-२० लिटर मावतात. दीड बादलीत चांगली आंघोळ होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवर बसून शॉवर सोयीचा पडतो, तिथे हट्ट धरू नये. भांड्यांच्या नळाला एरेटर बसवला की त्याच धारेत हवा मिसळते, धार मोठी वाटते आणि पाणी निम्म्याहून कमी लागतं. २०२४च्या उन्हाळ्यात बंगळूरूवर पाणीटंचाई आली, तेव्हा तिथल्या जलमंडळाने एरेटर सक्तीचे केले. संकट आल्यावर सक्तीने करायचं ते आपण आधीच खुशीने करावं.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राबद्दल थोडं थांबून बोलतो. खाऱ्या आणि क्षारयुक्त पाण्यासाठी ते यंत्र आहे. एक लिटर शुद्ध पाणी देताना ते दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. आपल्या धरणांचं पाणी मुळात मऊ आहे, त्यातले क्षार ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली अशाच ठिकाणी आरओ वापरू नये, असं बजावलं होतं. पालिकेचं पाणी पिणाऱ्या घराला साधा गाळणीचा फिल्टर किंवा उकळलेलं पाणी पुरतं. ज्या घरात यंत्र आधीच बसलं आहे, त्यांनी त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवावी. ते पाणी फरशीला आणि संडासाला चालतं.

आणि आपली जुनी सवय आठवा. सकाळी पाणी आलं की कालचे हंडे, कळशा, पिंप मोरीत ओतायचे आणि ताजं भरायचं. झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. ते ओतून न देता धुण्याला, झाडांना, लादीला वापरा. टंचाईत वाढलेल्या माणसांनीच ही सवय लावून घेतली आहे आणि तीच सोडणं सगळ्यात अवघड जातं. म्हणून सांगतो.

सोसायटी हीच खरी मोजणीची जागा

एवढं केलं तरी एक अडचण उरते. उपनगरातल्या बहुतेक इमारतींत पाण्याचा मीटर एकच असतो, सोसायटीचा. बिल सोसायटीला येतं. आदर्श उपविधींप्रमाणे ते सदस्यांत वाटलं जातं ते घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने पाणी निम्मं केलं आणि पाचव्या मजल्यावर नळ रात्रभर गळला, तरी दोघांच्या बिलात फरक पडत नाही. चांगल्या माणसाचं चांगुलपण कागदावर कुठेच उमटत नाही. दोन-चार महिन्यांत त्याचाही उत्साह मावळतो.

दर तर इतका कमी आहे की बिल पाहून कुणी सावध होईल अशी आशा नको. घरगुती वापराला हजार लिटरमागे सहा-साडेसहा रुपयांच्या घरात पडतात. माणशी १५० लिटरच्या वर वापर गेला की दर पायरीपायरीने दुप्पट, तिप्पट, चौपट होतो, पण सोसायटीच्या एकत्रित बिलात ती वाढ कुणाच्या लक्षातही येत नाही. हजार लिटरला सहा रुपये देणारी इमारत आणि टँकरमागे हजारो रुपये मोजणारी वस्ती एकाच वॉर्डात राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं की पाणी वाचवायचं खरं घर म्हणजे सोसायटी. मोजणी तिथे सुरू करा. सकाळी ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लिहा. वजाबाकी करून राहत्या माणसांच्या संख्येने भागा. माणशी वापर किती, तो कळला. चाळीस घरांची, घरटी चार माणसांची इमारत असेल तर १५० लिटरच्या हिशेबाने रोजचे २४ हजार लिटर होतात. आकडा तीस हजारांवर गेला तर पाणी कुठेतरी गळतं आहे.

गळती शोधायची रीतही सोपी आहे. रात्री साडेबाराला मोटर बंद असताना गच्चीवरच्या टाकीची पातळी खडूने खुणवा. पहाटे साडेचारला पुन्हा पाहा. त्या चार तासांत सगळी इमारत झोपलेली असते, तरीही पातळी बरीच उतरली असेल तर कुठला तरी फ्लश, कुठला तरी नळ रात्रभर वाहतो आहे. हीच चाचणी जमिनीखालच्या टाकीवर करा, फक्त त्या वेळी पाणी येत नसावं. गच्चीच्या टाकीतून पाणी ओसंडून वाहतं ते वॉचमनच्या डुलकीमुळे, असं आपण म्हणतो. वॉचमनला दोष देण्यापेक्षा टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं सेन्सर बसवावं. ते फार महाग नाही.

आणि दर महिन्याला माणशी वापराचा आकडा लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहावा. कुणाचं नाव लिहू नये, कुणाला लाजवू नये, इमारतीचा एकच आकडा लिहावा. गेल्या महिन्यात १८०, या महिन्यात १५२. लोक तो वाचतात आणि मनाशी हिशेब करतात. चर्चेनं जे होत नाही ते त्या आकड्यानं होतं.

कान्हेरीची टाकी आणि आपली गच्ची

बोरिवलीच्या माणसाला घरापासून तासाभरात कान्हेरीला जाता येतं. शंभरहून अधिक लेणी, इसवी सनाच्या आधीपासून दहाव्या शतकापर्यंत कोरत गेलेली. लेण्यांच्या दाराशी खडकात टाकी खोदलेली आहेत. डोंगराच्या कातळावरून येणारं पावसाचं पाणी बारीक चरांनी त्यांत वळवलं आहे. तिथल्या दुसऱ्या शतकातल्या एका शिलालेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचा उल्लेख आहे आणि सतेरक नावाच्या अमात्याने पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. त्या काळी टाकं खोदून देणं ही कोरून ठेवावी अशी दानाची गोष्ट होती. जवळपास दोन हजार वर्षं ती टाकी पावसाळ्यात भरतात. त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणारे आपण मात्र पाऊस थेट गटारात सोडून देतो.

सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं सोडून ८० टक्के धरलं तरी ७ लाख लिटर. चार महिन्यांत वाटलं तर रोजचे ५,७०० लिटर होतात. माणशी ३० लिटर धरले तर चाळीस घरांना संडासासाठी रोज ४,८०० लिटर लागतात. पाऊस काही ठरवून रोज सारखा पडत नाही, टाकीलाही मर्यादा असते. पण निम्मं जरी हाती लागलं तरी पावसाळ्यात फ्लशसाठी धरणाचं पाणी निम्म्याने कमी होतं.

पालिकेने नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारणाची अट घातली ती २००२ साली, एक हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांसाठी. २००७ मध्ये ती मर्यादा तीनशे चौरस मीटरवर आणली. कित्येक इमारतींत तो खड्डा खोदलेला आहे, पण वर्षानुवर्षं साफ न केल्याने गाळाने बुजून गेला आहे. आपला बराचसा खडक काळा पाषाण आहे, पाणी त्यात सावकाश मुरतं. खाडीलगतच्या भागात, गोराई किंवा मुलुंड पूर्वेसारख्या ठिकाणी, जमिनीखालचं पाणी खारट असू शकतं. अशा ठिकाणी मुरवण्याच्या नादी न लागता टाकीत साठवून पावसाळ्यातच वापरावं. ज्या इमारतींच्या आवारात जुनी विहीर आहे, त्यांनी ती बुजवू नये, उपसून स्वच्छ करावी आणि गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडावं. विहिरीचं पाणी संडास आणि बागेला लागलं की नळाचं पाणी पिण्यासाठी राहतं.

‘पालिकाच गळते, मग आम्ही का?’

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. मुंबईत जलाशयातून निघालेल्या पाण्याचा एक चतुर्थांशाहून मोठा हिस्सा गळतीत आणि चोरीत जातो, असे अंदाज अनेक वर्षं मांडले जातात. ३० नोव्हेंबर २०२३ला अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ मेट्रोचं काम चालू असताना वेरावली जलाशयाशी जोडलेल्या १,८०० मिलिमीटरच्या जलवाहिनीला भोक पडलं. माणूस उभा राहील एवढ्या व्यासाची ती वाहिनी. ती दुरुस्त व्हायला दोन दिवसांहून अधिक लागले. अंधेरी, जोगेश्वरी, विलेपार्ले, घाटकोपर, कुर्ला या भागांत लोकांनी टँकरमागे रांगा लावल्या. त्या दिवसांत कुणी बादलीभर पाणी वाचवलं असतं तरी ती वाहिनी जोडली गेली नसती.

म्हणून जाब विचारायलाच हवा. रस्त्यात वाहिनी फुटलेली दिसली तर १९१६ला फोन करा, तक्रारीचा क्रमांक घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. जुन्या वाहिन्या कधी बदलणार, कुठल्या पट्ट्यात किती गळती आहे, हे नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसला विचारा. मृणालताईंनी हेच शिकवलं. पण विचारणाऱ्याच्या घरचा नळ गळत असेल तर त्याच्या प्रश्नाला धार येत नाही. आधी पालिका सुधारू दे मग मी, असं म्हणणारा माणूस दोन्ही बाजूंनी पाणी वाया जाऊ देतो.

ज्यांच्या परिसरातून हे पाणी येतं, त्यांचाही विचार करायला हवा. भातसा आणि तानसा ही धरणं ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकर जातो, बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधून रोज ४४ कोटी लिटर पाणी आणायची योजना आहे. त्यात जंगल बुडेल, गावं उठतील. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे, पहिल्या टप्प्यात रोज २० कोटी लिटरचा. त्याला वीज लागेल, पैसा लागेल.

आता एक हिशेब करू. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. ज्यांना पाणी मुळातच कमी मिळतं त्यांच्याकडून बचतीची अपेक्षा करू नये. उरलेल्या निम्म्या, म्हणजे ४६ लाख लोकांनी माणशी ४० लिटर वाचवले, तर रोजचे १८ कोटी ४० लाख लिटर होतात. विहार आणि तुळशी मिळून आज रोज जेवढं पाणी देतात, त्यापेक्षा हे जास्त आहे. मनोरीच्या पहिल्या टप्प्याच्या जवळ जाणारं आहे. त्यासाठी एकही झाड पडत नाही, एकही पाडा उठत नाही. आणि चाळीसपैकी बत्तीस लिटर तर नुसत्या फ्लशच्या टाकीतून निघतात, हे मघाशी पाहिलंच.

पंचेचाळीस लिटर

२०१८ साली दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन शहर नळ कोरडे पडण्याच्या उंबरठ्यावर होतं. तेव्हा तिथल्या प्रशासनाने माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. जगभर ती बातमी झाली. शहरभर फलक लागले, लोकांनी आंघोळीचं पाणी फ्लशला वापरलं आणि ते संकट टळलं. आपल्या मुंबईत झोपडपट्टीतल्या माणसासाठी पालिकेचं मानक कित्येक वर्षं ४५ लिटर होतं. केपटाउनचं संकटातलं रेशन आपल्या असंख्य शेजाऱ्यांच्या रोजच्या वाट्यापेक्षा जास्त होतं. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतो, कारण बचतीचं सगळं नैतिक बळ त्यात आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही ते नाकारता येत नाही. २०२२ साली पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण स्वीकारलं. कागदावर हक्क आला. पण नळ जोडला तरी त्यात पाणी कुठून यायचं? धरणं तेवढीच, वाहिनी तीच, वेळ तीच. त्या नव्या नळाला लागणारं पाणी बऱ्याच अंशी आपल्या टाकीतून यायचं आहे. आपण सोडू तेव्हाच ते पुढे जाणार आहे.

मृणालताईंच्या काळात पाण्यासाठी मोर्चा काढावा लागला. आजही काही ठिकाणी लागेल, तेव्हा आपण जावं. त्याबरोबरच आपल्या हातात एक काम असं आहे की त्यासाठी कुणाची परवानगी नको, सरकारी निधी नको, निवडणूक नको.

प्रत्येक सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. तिच्या विषयपत्रिकेवर यंदा एक विषय घाला: पाण्याचा माणशी वापर. त्या सभेत तीन ठराव करा. मीटरचा आकडा रोज लिहायचा आणि महिन्याला फळ्यावर लावायचा. सहा महिन्यांत सगळ्या घरांच्या फ्लशच्या टाक्या दोन बटणांच्या करायच्या, त्यासाठी सोसायटीने एकत्र खरेदी करायची. गच्चीचं पाणी पुढच्या पावसाळ्याआधी टाकीत किंवा विहिरीत वळवायचं. ज्यांच्याकडे चिटणीसपद आहे त्यांनी विषय मांडावा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी सूचना लेखी द्यावी. सभेला आपल्याच वाहिनीवरच्या शेजारच्या चाळीतल्या, वस्तीतल्या दोन माणसांना बोलवा आणि त्यांना विचारा, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं. पुढल्या वर्षीच्या सभेत पुन्हा विचारा. त्यांच्या उत्तरात वेळ वाढलेली असेल, तर आपण खरोखर पाणी वाचवलं असं समजावं.